पडद्यामागचे प्रोग्रॅम आणि घरचा मंद संगणक

घरच्या संगणकावर एकही खिडकी उघडलेली नसली तरी त्यावर शंभरेक प्रक्रिया चालू असतात. विंडोज १० किंवा ११ असलेल्या यंत्रावर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो आणि त्यांची यादी समोर येते. यादी लांबलचक, नावे अनोळखी. संगणक रखडत चालत असेल तर दोष या गर्दीचाच, असे पाहणाऱ्याला वाटते आणि त्यातूनच ‘नको ते बंद करा’ हा सल्ला रूढ झाला आहे. सल्ला जुना आहे आणि बराचसा खराही आहे. मात्र नको ते कोणते, हे ठरवताना बहुतेकांची गल्लत होते: जे बंद करून काहीच मिळत नाही तिथे कात्री चालते आणि जे खरोखर यंत्र अडवून धरते ते तसेच राहते.

पहिली गल्लत संख्येची. प्रक्रिया जितक्या कमी तितका संगणक वेगवान, हे समीकरण टिकत नाही. विंडोजच्या अनेक अंतर्गत सेवा ‘एसव्हीसीहोस्ट’ नावाच्या एकाच प्रकारच्या प्रक्रियेत चालतात. पूर्वी अशा एका प्रक्रियेत दहा-बारा सेवा दाटीवाटीने असत. २०१७ च्या क्रिएटर्स अपडेटपासून, ३.५ जीबीहून अधिक रॅम असलेल्या संगणकावर यांतल्या बहुतेक सेवांना स्वतंत्र प्रक्रिया मिळाली, म्हणजे एक सेवा कोसळली तरी शेजारच्या चालू राहाव्यात. याचा परिणाम असा की जास्त रॅमच्या संगणकावर यादी अधिक लांब दिसते. यातल्या बहुसंख्य प्रक्रिया कुणी हाक मारेपर्यंत निजलेल्या असतात. प्रोसेसरचा वेळ त्या जवळजवळ घेतच नाहीत.

पडद्यामागे चालणाऱ्या गोष्टी ढोबळमानाने चार वाटांनी येतात. सेवा, म्हणजे सर्व्हिस, या वापरकर्ता साइन-इन होण्याआधीपासून सुरू होऊ शकतात. स्टार्टअप प्रोग्रॅम साइन-इन झाल्यावर सुरू होतात आणि त्यांतले बरेचसे घड्याळाशेजारी छोटे चिन्ह होऊन बसतात. टास्क शेड्यूलरमधली कामे ठरलेल्या वेळी किंवा ठरलेल्या घटनेनंतर चालतात. चौथी वाट ब्राउझरची आणि त्यात बसवलेल्या एक्स्टेन्शनची. एकच प्रोग्रॅम या चारांपैकी दोन-तीन वाटांनी एकाच वेळी आत आलेला असू शकतो. म्हणूनच एका ठिकाणी बंद केलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर झालेली दिसते.

हा प्रश्न विंडोजच्याही आधीचा आहे. डॉसच्या काळात प्रोग्रॅमना सरळ वापरता येणारी स्मृती ६४० केबी होती. काम संपल्यावरही स्मृतीत ठाण मांडून राहणाऱ्या प्रोग्रॅमना टीएसआर म्हणत. १९८४ मध्ये आलेले बोरलँड कंपनीचे ‘साइडकिक’ त्यांतले गाजलेले: दुसरे काम चालू असतानाच दोन कळा दाबून गणनयंत्र किंवा टिपणवही समोर आणता येई. सोय मोठी होती, पण असे दोन-तीन प्रोग्रॅम बसवले की मुख्य कामाला जागा उरत नसे. त्यामुळे संगणक सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या ऑटोएक्झेक आणि कॉन्फिग या दोन फायलींमधल्या ओळी खोडणे, मागेपुढे करणे हा त्या काळातल्या जाणकारांचा नित्याचा उद्योग होता. १९९३ च्या एमएस-डॉस ६ मध्ये हे काम आपोआप करणारा ‘मेममेकर’ आला.

मराठी वापरकर्त्यापुढे नंतर एक जादा अडचण होती. युनिकोड रुळण्यापूर्वी पुण्याच्या सी-डॅकचे आयएसएम किंवा मॉड्युलर इन्फोटेकचे श्रीलिपी यांच्यासारखी सॉफ्टवेअर पडद्यामागे चालू असल्याखेरीज देवनागरी उमटत नसे. इंग्रजी पुस्तकातला ‘हे सगळे काढून टाका’ हा सल्ला जसाच्या तसा पाळणाऱ्याची मराठी अक्षरेच गायब होत.

२००१ मध्ये विंडोज एक्सपी आले. त्याची किमान गरज ६४ एमबी रॅमची होती आणि तेवढ्या तुटपुंज्या स्मृतीत प्रत्येक सेवेचा भार जाणवे. कोणती सेवा बंद करावी, कोणती ठेवावी याच्या याद्या त्या वर्षांत हातोहात फिरत. ‘ब्लॅक वायपर’ या टोपणनावाने प्रसिद्ध झालेली यादी त्यांत सर्वांत नावाजलेली. त्या काळातल्या दोन प्रसंगांतून या सल्ल्याच्या दोन्ही बाजू कळतात. एक्सपीमध्ये ‘मेसेंजर’ नावाची सेवा होती. ऑफिसच्या जाळ्यावर सूचना पाठवण्यासाठी ती केलेली होती, पण जाहिरातबाजांनी तिच्यातून इंटरनेटवरच्या अनोळखी संगणकांवर जाहिरातींच्या चौकटी उमटवायला सुरुवात केली. घरी तिचा काडीचा उपयोग नव्हता. २००४ च्या सर्व्हिस पॅक २ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती मुळातच बंद ठेवली. दुसरा प्रसंग ऑगस्ट २००३ मधला. ब्लास्टर नावाचा किडा आरपीसी या सेवेतल्या त्रुटीतून शिरत असे. त्या हल्ल्यात ही सेवा कोसळली की एक्सपी साठ सेकंदांची उलटी मोजणी दाखवून संगणक पुन्हा सुरू करी. कारण विंडोजचे इतर भाग एकमेकांशी याच सेवेमार्फत बोलतात. ती गेली की बाकीच्यांना चालता येत नाही. आरपीसी बंद करणे हा उपाय नव्हता, सुधारित आवृत्ती बसवणे हाच होता.

पुढे याद्या करणाऱ्यांचे काम हळूहळू विंडोजनेच स्वतःकडे घेतले. २००७ च्या व्हिस्टात सेवा उशिराने सुरू करण्याची सोय आली. संगणक चालू झाल्यावर साधारण दोन मिनिटांनी त्या जाग्या होतात. २००९ च्या विंडोज ७ मध्ये एखादी घटना घडली तरच सेवा सुरू करण्याची पद्धत आली. ब्लूटूथचे उपकरण नसेल तर ब्लूटूथच्या सेवेने उठायचेच नाही, अशी. विंडोज १० मध्ये स्मृतीतली न लागणारी पाने, म्हणजे माहितीचे छोटे तुकडे, डिस्कवर फेकण्याआधी रॅममध्येच दाबून ठेवली जातात. म्हणून एक्सपीच्या काळातली यादी आजच्या यंत्रावर गिरवण्यात अर्थ नाही. तरीही ती गिरवली जाते आणि वायफाय का जोडले जात नाही याचा शोध नंतर तासन्‌तास चालतो.

मंद म्हणजे नेमके काय मंद, हा प्रश्न आधी सोडवावा लागतो. प्रोसेसर, रॅम आणि डिस्क या तिन्हींपैकी ज्याची टंचाई असेल, त्याच्यासाठी प्रोग्रॅम भांडतात. घरच्या जुन्या लॅपटॉपवर हे भांडण बहुधा डिस्कवर असते, प्रोसेसर नुसता वाट पाहत बसलेला असतो. मिनिटाला ५४०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कला एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा डोक्याखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद. डोके योग्य पट्ट्यावर सरकवायला आणखी सुमारे १२. एका विखुरलेल्या वाचनाला अशा रीतीने १७-१८ मिलिसेकंद जातात आणि सेकंदाला साठाहून कमी वाचने होतात. प्रत्येक वाचन ४ केबीचे धरले तर ३ एमबी विखुरलेली माहिती उचलायला सुमारे १३ सेकंद लागतील. प्रत्यक्षात बरीच माहिती सलग सापडते, त्यामुळे एवढी दैना होत नाही. पण सकाळी संगणक चालू करताच दहा प्रोग्रॅम एकदम डिस्ककडे धावले की काय होते, याचा अंदाज या हिशेबातून येतो. एसएसडीला फिरणारी तबकडीच नाही, तिथे हेच वाचन सेकंदाला हजारोंच्या संख्येने होते आणि तोच गोंधळ कुणाच्या लक्षातही येत नाही.

टास्क मॅनेजरमध्ये डिस्कसमोर १०० टक्के दिसले की अनेक जण डिस्क भरली असे समजून फोटो पुसायला लागतात. तो आकडा डिस्क किती वेळ कामात गुंतली आहे याचा असतो, जागेचा नव्हे. रॅमच्या आकड्याचेही असेच आहे. काहीही उघडलेले नसताना ८ जीबीपैकी ३ जीबी वापरात दिसणे हे दुखणे नाही. विंडोज मोकळी रॅम लवकरच लागतील अशा फायली आणून ठेवण्यासाठी वापरते आणि गरज पडताच सोडून देते. काळजी तेव्हा, जेव्हा वापर नव्वद टक्क्यांच्या पुढे जातो आणि त्याच वेळी डिस्कही सतत गुंतलेली राहते: रॅम अपुरी पडल्यामुळे पाने डिस्कवर टाकली आणि परत आणली जात आहेत, असा त्याचा अर्थ. ही मोजणी संगणक चालू केल्यावर लगेच, दहा मिनिटांनी आणि नेहमीचे काम चालू असताना, अशी तीनदा करावी. दहा मिनिटांनी सगळे शांत होत असेल तर दोष स्टार्टअपचा. काम चालू असताना अडत असेल तर कारण वेगळे. चालू होण्याला लागलेला वेळ विंडोज स्वतःही नोंदवते. इव्हेंट व्ह्यूअरमधल्या डायग्नॉस्टिक्स-परफॉर्मन्स या नोंदवहीत १०० क्रमांकाची नोंद पाहिली की तो मिलिसेकंदांत मिळतो. बदल करण्याआधीचा आणि नंतरचा आकडा शेजारी ठेवला की ‘आता बरा चालतोय’ या भासाला जागा उरत नाही.

सर्वांत जास्त फायदा स्टार्टअप प्रोग्रॅममध्ये आहे, धोकाही तिथेच सर्वांत कमी. विंडोज ९८ पासून हे काम विंडोजच्याच एमएसकॉन्फिग या उपकरणातून होई. २०१२ च्या विंडोज ८ पासून टास्क मॅनेजरमध्येच त्यासाठी पान आहे. प्रत्येक नावापुढे परिणाम कमी, मध्यम की जास्त हे लिहिलेले असते आणि ही वर्गवारी मोजून केलेली असते: सुरुवातीला प्रोसेसरचा एक सेकंदाहून जास्त वेळ किंवा डिस्कवर ३ एमबीहून जास्त देवाणघेवाण केली की ‘जास्त’, ३०० मिलिसेकंद आणि ३०० केबी या दोन्हींच्या आत राहिले की ‘कमी’. गाणी ऐकण्याचे, गेम विकत घेण्याचे, व्हिडिओ बैठकीचे ॲप सकाळी आपण होऊन उठण्याचे काहीच कारण नसते. हवे तेव्हा उघडता येतेच. प्रिंटरच्या सीडीबरोबर आलेला शाईची पातळी दाखवणारा प्रोग्रॅम किंवा विकून टाकलेल्या मोबाइलचा जोडणी-प्रोग्रॅम हे तर निव्वळ भाडेकरू. ते स्टार्टअपमधून काढण्यापेक्षा मुळातून अनइन्स्टॉल करणे चांगले.

इथेही दोन-तीन नावांपाशी थांबावे लागते. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे फोल्डर वनड्राइव्हला जोडलेले असतील तर वनड्राइव्ह बंद करताच त्यांची प्रत निघणे थांबते, आणि ते डिस्क बिघडेपर्यंत कळत नाही. टचपॅड आणि ध्वनी यांचे मदतनीस प्रोग्रॅम काढले की बोटांच्या खुणा किंवा हेडफोन ओळखणे बंद पडू शकते. मराठी टायपिंगचे वेगळे सॉफ्टवेअर असेल तर ते राहू द्यावेच. ‘सीटीएफमॉन’ हे नाव जुन्या काटछाट-याद्यांत हमखास असते. टायपिंगच्या भाषा सांभाळणारा विंडोजचा भाग तोच आहे. तो जबरदस्तीने बंद केला तर इंग्रजी-मराठी अदलाबदल बिघडते आणि विंडोज १० मध्ये स्टार्टच्या शोधचौकटीत अक्षरच उमटेनासे होते.

सेवांच्या बाबतीत उलट स्थिती आहे: मिळकत थोडी, जोखीम मोठी. सेवेच्या सुरुवातीचे प्रकार चार: आपोआप, उशिराने आपोआप, मॅन्युअल आणि बंद. मॅन्युअल म्हणजे माणसाने हाताने सुरू करायची, असा समज आहे. खरे तर दुसरा प्रोग्रॅम किंवा विंडोज गरजेनुसार तिला उठवू शकते. म्हणून शंका असलेली सेवा ‘बंद’ करण्यापेक्षा ‘मॅन्युअल’वर ठेवणे शहाणपणाचे. आरपीसी, प्लग अँड प्ले, डीएचसीपी, क्रिप्टोग्राफिक सेवा, विंडोज अपडेट यांना हात लावू नये.

प्रिंट स्पूलर हे मधल्या प्रकारचे उदाहरण. २०२१ मध्ये ‘प्रिंटनाइटमेअर’ या नावाने त्यातली गंभीर त्रुटी गाजली तेव्हा दुरुस्ती येईपर्यंत स्पूलर बंद ठेवण्याचा पर्याय मायक्रोसॉफ्टनेच सुचवला होता. घरी प्रिंटर नसेल तर तो बंद ठेवायला हरकत नाही असे वाटते. मात्र स्पूलर बंद झाला की प्रिंटच्या खिडकीतून पीडीएफ करण्याची विंडोजची सोयही जाते. सातबारा किंवा विजेचे बिल असे जपून ठेवणाऱ्या घरात मग नवाच घोळ. वेगाचा फायदा नगण्य, कारण छापण्याचे काम नसताना स्पूलर काहीच करत नाही.

‘सिसमेन’ आणि ‘विंडोज सर्च’ या दोन सेवांवरून सर्वाधिक वाद होतात. व्हिस्टापासून बरीच वर्षे ‘सुपरफेच’ नावाने ओळखली गेलेली सिसमेन नेहमी लागणारे प्रोग्रॅम आधीच रॅममध्ये आणून ठेवते. दुसरी फायलींची सूची तयार करते, म्हणून शोध चटकन लागतो. ४ जीबी रॅम आणि फिरती डिस्क असलेल्या यंत्रावर या दोघी डिस्क अडवून धरताना दिसू शकतात, तिथे आठवडाभर बंद ठेवून पाहणे योग्य. एसएसडी असलेल्या यंत्रावर त्या बंद करून हाती काही लागत नाही. सूची करणारी सेवा तसेही कुणी काम करू लागले की स्वतः मागे सरते.

अँटिव्हायरस हा उघडणारी प्रत्येक फाइल तपासतो, त्यामुळे त्याचा भार खराच असतो. पण तो बंद करणे हा उपाय होऊ शकत नाही. महाराष्ट्रात पुण्याच्या क्विक हीलसह वेगवेगळे अँटिव्हायरस घरोघरी दिसतात आणि असा एखादा बसवला की विंडोजचा स्वतःचा डिफेंडर बाजूला होतो. बिघडते ते दोन बाहेरचे अँटिव्हायरस एकत्र नांदवले की, कारण एकच फाइल दोघेही पकडू पाहतात. लॅपटॉपबरोबर आलेला आणि मुदत संपलेला चाचणी-अँटिव्हायरस काढून टाकला की डिफेंडर आपोआप कामाला लागतो. बहुतेक घरांना तेवढा पुरतो.

ठरलेल्या वेळेच्या कामांकडे मात्र कुणाचे लक्ष जात नाही आणि आपल्याकडच्या घरांत कळीचा मुद्दा नेमका तिथे आहे. विंडोज ८ पासून देखभालीची कामे, म्हणजे डिस्कची निगा, विषाणूंची तपासणी, अपडेटची तयारी, मुळात पहाटेच्या वेळेला ठरवलेली असतात. संगणक रात्रभर चालू किंवा निद्रावस्थेत असेल असे त्यात गृहीत आहे. बहुतेक मराठी घरांत रात्री संगणक बंद होतो आणि भिंतीवरचे बटणही. मग राहिलेली देखभाल पुढच्या वेळी संगणक मोकळा सापडताच सुरू होते, म्हणजे तो चालू करून कुणी चहा आणायला उठले की लगेच. फक्त रविवारी उघडल्या जाणाऱ्या संगणकाची तर आणखी कोंडी होते: आठवड्याभराचे अपडेट, प्रत्येक ॲपचे स्वतःचे अपडेट आणि अँटिव्हायरसची नवी यादी, सगळे एकाच तासात. क्वचित वापरला जाणारा संगणक वापरताना सर्वांत मंद वाटतो, त्याचे मोठे कारण हे आहे. तो आठवड्यातून दोन-तीनदा तासभर नुसता चालू ठेवला तरी फरक पडतो. देखभालीची वेळ कंट्रोल पॅनेलमधून बदलता येते, ती जेवणाच्या वेळेवर आणणे हा साधा उपाय.

याच्याच जोडीला शटडाउनचा प्रश्न. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’मुळे शटडाउन करताना विंडोजचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि पुढच्या वेळी तसाच उचलला जातो. रोज बंद होणाऱ्या संगणकाचा टास्क मॅनेजरमधला चालू-काळ कित्येक दिवसांचा दिसतो, तो यामुळे. अडकलेला ड्रायव्हर खरोखर मोकळा करायचा असेल तर शटडाउन न करता रीस्टार्ट करावा लागतो.

ब्राउझर हा आज घरच्या संगणकावरचा सर्वांत मोठा स्मृतिभक्षक आहे. क्रोम २००८ मध्ये आला तो टॅब वेगवेगळ्या प्रक्रियांत चालवण्याच्या कल्पनेसह. २०१८ मध्ये सुरक्षिततेसाठी वेगवेगळ्या संकेतस्थळांना पक्के वेगळे केले गेले, तेव्हा स्मृतीचा वापर १० ते १३ टक्क्यांनी वाढतो असे गूगलनेच सांगितले होते. चाळीस टॅब उघडे ठेवून दोन सेवा बंद करणे म्हणजे हिशेबच चुकला. क्रोम आणि एज दोघांतही न वापरलेले टॅब झोपवण्याची सोय आहे. खिडकी मिटल्यावरही पार्श्वभूमीवर चालू राहण्याची क्रोमची परवानगी त्याच्या सेटिंगांतल्या सिस्टिम विभागातून काढून घेता येते, तसेच एजचे ‘स्टार्टअप बूस्ट’ही. न लागणारी एक्स्टेन्शन काढली की स्मृती वाचते आणि टेहळणीही कमी होते. ब्राउझरला अपडेट करणारे काम मात्र चालू राहू द्यावे.

वेग विकणाऱ्या प्रोग्रॅमबद्दल सावध राहणे बरे. ‘रॅम मोकळी करणारे’ प्रोग्रॅम बहुधा चालू प्रोग्रॅमची पाने बळेच डिस्कवर ढकलतात. आकडा छान दिसतो आणि पुढच्याच क्लिकला तीच पाने परत आणावी लागतात. रजिस्ट्री साफ करणाऱ्या प्रोग्रॅमना मायक्रोसॉफ्टचा पाठिंबा नाही. २०१७ मध्ये सीक्लीनर या लोकप्रिय सफाई-प्रोग्रॅमच्या ५.३३ या आवृत्तीतच हल्लेखोरांनी घातक कोड घुसवला होता आणि ती सुमारे २२.७ लाख संगणकांवर पोहोचली होती. नवा संगणक घेतानाच आलेला भारही कमी नसतो. २०१५ मध्ये उघडकीस आलेले लेनोवोच्या काही लॅपटॉपवरचे ‘सुपरफिश’ जाहिराती दाखवण्यासाठी सुरक्षित जोडण्याही मध्येच उघडत होते. नको असलेल्या पार्श्वभूमी-प्रोग्रॅमचा याहून चपखल नमुना सापडणे कठीण.

खरा चोर नावावरून ओळखता येत नाही. ‘एसव्हीसीहोस्ट’ हे नाव घेतलेली प्रक्रिया विंडोजच्या सिस्टिम फोल्डरांबाहेरून चालत असेल तर संशय घ्यावा. ‘ऑटोरन्स’ हे मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉगस्वेल यांचे उपकरण इथे उपयोगी पडते. त्यांचे ‘सिसइंटर्नल्स’ मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये घेतले आणि हे उपकरण आजही फुकट मिळते. सुरुवातीच्या जवळजवळ सगळ्या वाटा ते एकाच ठिकाणी दाखवते. त्यात मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवून उरलेल्याच पाहाव्यात आणि नोंद पुसण्याऐवजी तिची खूण काढावी, म्हणजे चूक परत फिरवता येते.

दोषी कोण हे कळत नसेल तर ‘क्लीन बूट’ करतात. एमएसकॉन्फिगमध्ये मायक्रोसॉफ्टच्या सेवा लपवून बाकी सर्व बंद करायच्या, स्टार्टअपही बंद करायचे. संगणक सुधारला तर अर्ध्या नोंदी चालू करून पाहायच्या, मग दोषी अर्ध्याचे पुन्हा अर्धे. चाळीस नोंदी असल्या तरी सहा फेऱ्यांत एक नाव हाती येते. एकेक करून तपासणारा तेवढ्यात कंटाळून फॉरमॅट मारायला दुकानात पोहोचलेला असतो.

मॅकवर हाच प्रश्न सौम्य रूपात येतो. तिथे २००५ पासून ‘लाँचडी’ ही सगळी कामे सांभाळते आणि २०२२ च्या व्हेंचुरापासून पार्श्वभूमीतल्या नोंदी लॉगिन आयटम्समध्ये उघड दिसतात. लिनक्सच्या बहुतेक प्रकारांत सिस्टिमडी आहे. कोणत्या सेवेने सुरुवातीला किती वेळ घेतला हे त्याच्या ‘ब्लेम’ या आज्ञेने एका ओळीत कळते.

काटछाटीला मर्यादा आहे. ४ जीबी रॅम आणि ५४०० फेऱ्यांची डिस्क असलेल्या लॅपटॉपवर स्टार्टअप नीट आवरले तर चालू होण्यातली काही मिनिटे वाचतात; तीच डिस्क काढून साधी साटा एसएसडी बसवली तर जो फरक पडतो, त्यापुढे बाकी सगळे उपाय फिके ठरतात. रॅम ८ जीबी केल्यावर ब्राउझरची घुसमट थांबते. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि ठरावीक प्रोसेसर लागतात, त्यामुळे बरेच चालते संगणक मध्येच अडकले आहेत. अशा यंत्रावर हलक्या डेस्कटॉपचे लिनक्स बसवणे हा एक मार्ग आहे. मात्र टॅली किंवा जुने मराठी टायपिंग सॉफ्टवेअर ज्यांना रोज लागते त्यांनी, ते तिथे चालते का, हे आधी तपासलेले बरे.